संप नसतो तेव्हा वैमानिकांची संघटना काय करते?

प्रश्न असा आहे: "विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून नुकताच रुजू झालो आहे. संघटनेची वर्गणी दरमहा पगारातून जाते. आमच्याकडे कित्येक वर्षांत संप झालेला नाही. मग ही संघटना माझ्यासाठी नेमकं करते काय? सभासद राहावं का?"

मी कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं उड्डाणांच्या जोडीने संघटनेच्या तक्रार समितीवर आणि नंतर सुरक्षा समितीवर काम केलं. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संप किती झाले यावरून संघटनेचं मोल ठरवू नका. विमानाच्या कॅप्टनला उड्डाण नाकारण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला असतो. हवा बिघडली आहे, यंत्रणेत दोष आहे, आपण किंवा सहवैमानिक दमलेला आहे असं दिसलं, तर 'हे विमान आज जाणार नाही' असं तो म्हणू शकतो. पण त्या एका वाक्याने शेकडो प्रवासी अडकतात, कंपनीला मोठा फटका बसतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच: बाकीच्यांनी नेलं, मग यालाच काय झालं? अधिकार पुस्तकात असणं वेगळं आणि तो वापरल्यावर नोकरी शाबूत राहणं वेगळं. संघटना जे काही करते, त्यातलं बहुतेक सगळं हे अंतर मिटवण्यासाठी असतं. पगाराचे करारसुद्धा त्यात आले.

वैमानिक एकटा पडला की कमजोर का असतो, हे आधी पाहू. दुसऱ्या व्यवसायातला अनुभवी माणूस नोकरी बदलतो तेव्हा बहुधा पगार वाढवून घेतो. मोठ्या विमान कंपन्यांत बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. तिथे ज्येष्ठता यादी चालते आणि यादीतला क्रमांक रुजू होण्याच्या तारखेवर ठरतो. कोणतं विमान मिळणार, सहवैमानिकाची उजवी सीट की कॅप्टनची डावी, कोणता बेस (नेमणुकीचं शहर), सुट्टी कधी, पसंतीची उड्डाणं की महिनाभर रिझर्व्ह, म्हणजे बोलावण्याची वाट पाहत तयार राहणं, मंदी आली तर आधी घरी कोण जाणार, हे सगळं त्या क्रमांकावर. वीस वर्षं काढलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की बहुधा यादीच्या तळाशी बसतो. 'पटत नसेल तर सोडून जा' हा पर्याय त्याला फार महागात पडतो. म्हणून आहे तिथेच नियम नीट करून घेणं भाग असतं, आणि ते एकट्याचं काम नाही.

अमेरिकेतली एअर लाइन पायलट्स असोसिएशन १९३१ साली शिकागोत स्थापन झाली ती याच कारणाने. डेव्हिड बेन्की हा तिचा पहिला अध्यक्ष, स्वतः वैमानिक. मंदीचे दिवस होते, कंपन्या पगार कापू पाहत होत्या, आणि खराब हवेत जायला जो नकार देईल त्याच्या जागी दुसरा बेकार वैमानिक उभाच होता. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाचा ८३ क्रमांकाचा निर्णय आला आणि महिन्याला ८५ तासांची उड्डाणमर्यादा पडली. तो निर्णय मुळात पगाराच्या वादातून आला होता. पण महिन्याला किती तास उडायचं, हा प्रश्न तेव्हाही सुरक्षेचाच होता.

आता तुमच्या रोजच्या नोकरीकडे येऊ. समजा चीफ पायलटच्या कार्यालयातून निरोप आला: 'परवाच्या लँडिंगबद्दल जरा बोलायचंय, येऊन जा.' नवा माणूस एकटाच जातो, मनमोकळं बोलतो, 'कदाचित माझंच लक्ष नव्हतं' असं सौजन्याने म्हणून टाकतो, आणि ते वाक्य कागदावर उतरतं. संघटनेचा प्रतिनिधी सोबत असला तर तो आधी विचारतो: ही गप्पा आहे की चौकशी? चौकशी असेल तर कशाची, कोणत्या नियमाखाली? मग तो तुम्हाला माहीत आहे तेवढंच बोलायला लावतो, अंदाज बांधू देत नाही, आणि स्वतःची टिपणं ठेवतो. पण त्याची सगळ्यात मोठी मदत असते ती आठवणीची. कंपनीतले अधिकारी दर काही वर्षांनी बदलतात. संघटनेच्या कपाटात मात्र जुन्या प्रकरणांचे कागद असतात. अशाच प्रकारात आधी दुसऱ्या एकाला फक्त जादा सिम्युलेटर सत्र दिलं होतं, मग याला निलंबन का, हा प्रश्न पुराव्यासह विचारणारा माणूस खोलीत असला की चर्चेचा सूर बदलतो.

तिथे मिटलं नाही तर करारातली तक्रारप्रक्रिया सुरू होते. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक कंपनीत एक मंडळ असतं, त्यावर कंपनीचे आणि संघटनेचे सारखेच सदस्य. बरोबरी झाली की तटस्थ लवाद बसतो आणि त्याचा निर्णय दोघांना बांधील असतो. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, कारण लवादासमोर काय टिकेल हे दोन्ही बाजू ओळखून असतात.

चूक खरंच वैमानिकाची असेल तर? तरीही प्रतिनिधी त्याच्या बाजूला बसतो, आणि बसलाच पाहिजे. चूक झालीच नाही असं सिद्ध करणं हे त्याचं काम नसतं. सर्वांना लावलेली प्रक्रिया यालाही लागावी, शिक्षा झालेल्या चुकीएवढीच असावी आणि दुरुस्त होण्याजोगा माणूस बाहेर फेकला जाऊ नये, एवढं त्याला पाहायचं असतं.

बाहेरच्यांना अजिबात माहीत नसलेलं एक काम सांगतो, कारण माझ्या मते संघटनेने विमानप्रवासाला दिलेली ही फार मोठी देणगी आहे. आजचं विमान प्रत्येक उड्डाणात शेकडो गोष्टी नोंदत असतं: वेग, उतरण्याचा दर, पंखांवरचे फ्लॅप्स कधी उघडले, किती उंचीवर ॲप्रोच (धावपट्टीकडे उतरणं) स्थिर झाला. कंपनी ही माहिती रोज तपासते. ती थेट शिक्षेसाठी वापरली गेली तर वैमानिक आकडे सांभाळत उडेल आणि गो-अराउंडची (न उतरता पुन्हा वर जाण्याची) नोंद होईल या धास्तीने नको तिथे उतरेल. म्हणून अनेक कंपन्यांत संघटनेने करार करून घेतला आहे की या माहितीतून वैमानिकाचं नाव काढून टाकलेलं असेल. उड्डाण कोणाचं होतं हे फक्त एका विश्वासातल्या वैमानिकाला कळेल. त्याला गेटकीपर म्हणतात आणि तो बहुधा संघटनेने सुचवलेला किंवा मान्य केलेला असतो. तो फोन करतो: त्या दिवशी काय झालं?

असे फोन मी केले आहेत. पलीकडचा माणूस आधी घाबरलेला असतो. नाव बाहेर जाणार नाही याची खात्री पटली की तो असं काही सांगतो, जे कुठल्याच आलेखात दिसत नाही: नियंत्रणकक्षाने शेवटपर्यंत उंच ठेवलं, मग एकदम खाली यायला सांगितलं, मागे दुसरं विमान होतं. त्याच विमानतळावरच्या आणखी काही वैमानिकांनी तेच सांगितलं की दोष माणसात नाही, मार्गाच्या आखणीत आहे हे उघड होतं. मग नावं न घेता ते प्रशिक्षण विभागाकडे आणि नियंत्रणकक्षाकडे जातं. स्वेच्छेने दिलेल्या सुरक्षा अहवालांचंही तसंच. अमेरिकेत ते तिघांची समिती तपासते, कंपनी, नियामक आणि संघटना यांचा एकेक प्रतिनिधी, आणि निर्णय एकमताने घेते. मुद्दाम केलेला नियमभंग, दारू, अमली पदार्थ किंवा गुन्हा असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

थकव्याचं प्रकरण याहून अवघड, कारण थकवा कुठल्याच यंत्रावर नोंदला जात नाही. एका कंपनीत घडलेली गोष्ट. दोन रात्रींच्या उशिरांनंतर एका क्रूने शेवटचं उड्डाण नाकारलं. कंपनीने ती विनापरवाना गैरहजेरी धरली आणि पगार कापला. आम्ही त्यांचं रोस्टर तासातासाने मांडलं. किती वेळ जागे होते, हॉटेलवर प्रत्यक्ष किती वेळ मिळाला, पुढचं उड्डाण संपेपर्यंत जागरण किती झालं असतं. पगार परत मिळाला. पण त्याहून मोलाचं म्हणजे पुढच्या करारात एक कलम आलं, की थकव्याचा अहवाल आधी चीफ पायलटकडे न जाता दोन्ही बाजूंच्या समितीकडे जाईल आणि तिचा निर्णय होईपर्यंत पगार कापला जाणार नाही. त्यानंतर थकव्याचे अहवाल वाढले. वैमानिक अचानक जास्त दमायला लागले नव्हते, ते आता सांगू लागले होते.

सरकारी नियमांच्या पातळीवरही संघटना हाच लढा लढतात. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर आलेले ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. श्रेय एकट्या संघटनांचं नाही. मृतांचे नातेवाईक वर्षानुवर्षं संसदेच्या पायऱ्या चढले, तेव्हा ते झालं. पण त्या नियमांतून मालवाहू विमानं वगळली गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये यूपीएस या कंपनीचं मालवाहू विमान अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला उतरताना कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तपासात थकव्याचीही नोंद झाली. यूपीएसच्या वैमानिकांची संघटना सूट रद्द करण्यासाठी न्यायालयात गेली होती, २०१६ मध्ये हरली. रात्री माल नेणाऱ्याच्या शरीराला झोप कमी लागते, असं कुणीही म्हणू शकत नाही. हा अन्याय मला आजही बोचतो.

अपघात झालाच तर संघटनेचा फोन चोवीस तास चालू असतो. प्रतिनिधी आधी वैमानिकाला गाठतो, रुग्णालयात किंवा हॉटेलवर, पत्रकारांपासून दूर ठेवतो, आणि धक्क्यात असताना घाईने लेखी जबाब द्यायला लावू देत नाही. अमेरिकेत तपास यंत्रणा संघटनेला तपासातला अधिकृत पक्ष म्हणून सहभागी करून घेते. तिथे पाठवायचा माणूस तांत्रिक जाणकार असावा लागतो, वकील चालत नाही. हे मला फार योग्य वाटतं, कारण तिथलं काम कारण शोधण्याचं असतं, खटला लढवण्याचं नाही. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरचं ध्वनिमुद्रण वाहिन्यांवर वाजू नये, यासाठीही संघटनांनी जगभर दीर्घकाळ झगडा केला आहे.

आजारपणात संघटना काय करते, हे थोडक्यात सांगतो. वैमानिकाचा परवाना वैद्यकीय तपासणीवर टांगलेला असतो, म्हणून मानसिक त्रास आणि व्यसन लपवण्याकडे कल जातो. अमेरिकेत १९७० च्या दशकात संघटना, कंपन्या आणि नियामक यांनी मिळून दारूच्या व्यसनावर उपचार आणि देखरेखीखाली पुन्हा कॉकपिटमध्ये येण्याचा कार्यक्रम सुरू केला. हजारो वैमानिक त्यातून कामावर परतले. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान डोंगरावर घातलं, १५० जण मेले. त्यानंतर युरोपात प्रत्येक विमान कंपनीला वैमानिकांसाठी सहकारी-आधार कार्यक्रम बंधनकारक झाला. रात्री फोन उचलणारा तिथे दुसरा वैमानिकच असतो.

आता करार. लोक पगाराचा तक्ता पाहतात. करार शेकडो पानांचा असतो आणि तक्ता त्यातली थोडी पानं. तुमचं आयुष्य बाकीच्या पानांवर चालतं: रिझर्व्हवर असताना किती वेळात हजर व्हायचं, उड्डाण रद्द झालं तर पैसे मिळणार का, प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरी पाठवलं तर तो वेळ कामाचा धरणार का, कंपनी किती आणि केवढी उड्डाणं स्वस्त भागीदार कंपनीला देऊ शकते. या शेवटच्या कलमाला स्कोप म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत भागीदाराच्या मोठ्या जेट विमानांना ७६ आसनांची मर्यादा आहे ती या कलमामुळेच.

पद्धत साधारण अशी: सभासदांची पाहणी, त्यावरून मागण्या, वाटाघाटी समिती, तात्पुरता मसुदा, आणि मग सभासदांचं मतदान. अमेरिकेत १९३६ पासून विमान कंपन्यांना रेल्वेचा कामगार कायदा लागू आहे. त्यात करार मुदतीनंतरही चालूच राहतो. आधी सरकारी मंडळाची मध्यस्थी, त्या मंडळाने मोकळं सोडलं तर तीस दिवस थांबायचं, मगच संप, आणि तेव्हाही राष्ट्राध्यक्ष तो अडवू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचा संप सुरू होऊन काही मिनिटं झाली आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबवला. त्यामुळे खरं बळ संपाच्या मतदानात असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेल्टा या विमान कंपनीच्या वैमानिकांनी ९९ टक्के मतांनी संपाला मंजुरी दिली. संप झाला नाही. मार्च २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार झाला आणि त्याच वर्षी अमेरिकन आणि युनायटेड या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

चुकीच्या वेळी ताणलं तर काय होतं, हे १९८९ च्या ऑस्ट्रेलियात दिसलं. वैमानिकांनी २९.४७ टक्के वाढ मागितली आणि फक्त नऊ ते पाच उडायचं ठरवलं. सरकार कंपन्यांच्या मागे उभं राहिलं, प्रवासी नेण्यासाठी हवाईदलाची विमानं आणली. नुकसानभरपाईच्या दाव्यांना तोंड द्यावं लागू नये म्हणून वैमानिकांनी सामूहिक राजीनामे दिले. त्यातल्या अनेकांना ती नोकरी पुन्हा मिळालीच नाही.

संघटना आपल्याच सभासदांशी नीट वागते का, हा खरा अवघड प्रश्न. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये, कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांच्या खटल्यात, सांगितलं की सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा एकाधिकार घेतला असेल तर सगळ्यांचं न्याय्य प्रतिनिधित्व करावंच लागेल. वैमानिकांत याची परीक्षा विलीनीकरणात होते, कारण दोन ज्येष्ठता याद्या एक करायच्या असतात. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या एक झाल्या. २००७ मध्ये लवादाने एकत्रित यादी दिली. यूएस एअरवेजचे अनेक वैमानिक खूप वर्षं नोकरी करूनही मंदीत यादीच्या तळाला रेटले गेले होते. नव्या यादीत कालपरवा लागलेल्यांच्या जोडीला बसावं लागणार, म्हणून ते चिडले. संख्येने ते जास्त होते. २००८ मध्ये त्यांनी जुनी संघटना मतदानाने घालवली आणि रुजू तारखेवरच ज्येष्ठता धरणारी नवी आणली. खटले वर्षानुवर्षं चालले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने नव्या संघटनेने अल्पसंख्य गटाबाबतचं न्याय्य प्रतिनिधित्वाचं कर्तव्य मोडल्याचा निर्णय दिला. दोन्ही गटांचा राग मला कळतो. पण लवाद आधी मान्य करायचा आणि निकाल आवडला नाही म्हणून बहुमताने मोडायचा, हे मला मुळीच मान्य नाही. कंपनीशी आपण कराराच्या शब्दावर भांडतो, मग आपला शब्दही पाळला पाहिजे.

सुरक्षेचं नाव घेऊन नोकऱ्या वाचवल्याचा आरोप संघटनांवर होतो. कधी कधी तो खरा असतो. कॉकपिटमध्ये तिसरा माणूस हवाच, असं त्या बराच काळ म्हणत राहिल्या. १९८१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यदलाने दोन पुरेत असं सांगितलं आणि पुढच्या अनुभवाने ते बरोबर ठरलं. आता क्रूझ टप्प्यात, म्हणजे विमान उंचीवर स्थिर उडत असताना, कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवण्याची चर्चा आहे आणि संघटना विरोधात आहेत. या वेळी पुरावा त्यांच्या बाजूने आहे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानेही २०२५ मध्ये सांगितलं, की आजच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता एका माणसाकडून मिळेल असं दाखवता येत नाही.

सभासद राहावं का? माझं उत्तर स्पष्ट हो आहे. अनेक ठिकाणी कराराचे फायदे सभासद नसलेल्यांनाही मिळतात, पण करारावर मत सभासदांनाच देता येतं. वर्गणी देताय तर वार्षिक हिशेब मागा, बेसच्या बैठकीला जा, आणि प्रतिनिधीच्या निवडणुकीत मत द्या. तिथे मतदान इतकं कमी होतं की थोड्या मतांनी निकाल फिरतो.

तुम्ही नुकतेच रुजू झालात, म्हणून एक सूचना विशेष. बऱ्याच करारांत पहिलं वर्ष परिविक्षेचं असतं आणि त्या काळात कामावरून काढलं तर तक्रारप्रक्रियेचं पूर्ण संरक्षण मिळत नाही. शिस्त, प्रशिक्षण आणि थकवा ही करारातली प्रकरणं या आठवड्यातच वाचा आणि बेस प्रतिनिधीचा क्रमांक फोनमध्ये घाला. सिम्युलेटर चेकमध्ये काही बिनसलं, किंवा कार्यालयातून 'जरा येऊन जा' असा निरोप आला, तर आत जाण्याआधी त्याला फोन करा. बाहेर आल्यावर केलेल्या फोनवर त्याला फारसं काही करता येत नाही.